नाताळाआधी यादी: खानदेशातल्या ख्रिस्ती मंडळ्यांसाठी सेवेची तयारी

खानदेशात नाताळ येतो तो ऐन हंगामात. कपाशीची वेचणी चालू असते, हरभऱ्याला पाणी द्यायचं असतं, रावेर-यावलच्या केळीला उसंत नसते. नंदुरबार, नवापूर, साक्री, चाळीसगाव या भागांतली कितीतरी जोडपी दिवाळी उरकली की मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडायला कोयता घेऊन ऊसतोडीला निघून जातात, कोणी बारडोली-व्याऱ्याकडे तर कोणी पश्चिम महाराष्ट्रात. मागे राहतात म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. त्यात डिसेंबरच्या शेवटी धुळे-जळगावला पहाटेचा पारा १० अंशांच्या खाली जातो, आणि तोरणमाळ-धडगावकडची थंडी त्याहून बोचरी असते.

म्हणून २४ तारखेला टेम्पोभर पाकिटं वाटायची पद्धत इथे उपयोगाची नाही. ज्या घरात भाकरी थापायला माणूस नाही, तिथे मिठाईचा पुडा देऊन काही हलत नाही. आधी यादी, मग पैसा, मग वस्तू, हा क्रम पाळायचा. बहुतेक ठिकाणी आधी वर्गणी जमते, मग घाऊक बाजारातून चादरी येतात आणि शेवटी त्या कोणाला द्यायच्या याचा शोध सुरू होतो. मग त्या चादरी प्रार्थनाघराजवळ राहणाऱ्यांना मिळतात, पाड्याच्या शेवटच्या घरापर्यंत पोचतच नाहीत.

यंदा, २०२६ मध्ये, आगमनकाळाचा, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांच्या तयारीच्या काळाचा, पहिला रविवार २९ नोव्हेंबरला आहे. पुढचे तीन रविवार ६, १३ आणि २० डिसेंबर, आणि नाताळ शुक्रवारी. ज्या मंडळ्या आगमनकाळ वेगळा पाळत नाहीत त्यांनीही हेच चार रविवार धरावेत, कारण कामाचे दिवस तेवढेच हातात आहेत. २९ तारखेला यादी हातात असली पाहिजे. म्हणजे घरभेटी दिवाळीनंतरच्या आठवड्यातच सुरू करायच्या.

यादी

घरभेटीला दोघांनी जावं: एक वयाने मोठी बाई आणि एक तरुण किंवा तरुणी. एका जोडीला आठ ते दहा घरं, त्याहून जास्त नाहीत. वेळ संध्याकाळी पाच ते सात, दिवसा माणसं शेतात असतात. नवापूर भागात जोडीतल्या एकाला तरी मावची यायला हवी, सातपुड्याच्या पायथ्याला पावरी, धुळे-अमळनेरकडे अहिराणी. प्रमाण मराठीत विचारलं की म्हातारी माणसं सरकारी माणूस आल्यासारखी सावरून बसतात आणि ‘सगळं ठीक आहे’ म्हणून मोकळी होतात.

‘तुम्हाला काय हवंय?’ हा प्रश्न विचारूच नका. मानी माणूस ‘काही नको’ म्हणतो, आणि ज्याला मागायची सवय आहे तो दहा वस्तू सांगतो. दोन्ही उत्तरांनी यादी बिघडते. त्यापेक्षा दिवस कसा जातो ते विचारा. ‘माय, थंडीमा पांघराले काय शे?’ असं विचारलं की माय उठून स्वतःच दाखवते. रात्री सोबत कोण असतं? झोपणारे किती आणि पांघरुणं किती? चूल कोण पेटवतं, सरपण कोण आणतं? गोळ्या कुठून येतात, कधी संपतात? २५ तारखेला दुपारी जेवायला कोण असणार? एवढी पाच उत्तरं वहीत लिहायची. सहावा रकाना डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टींसाठी ठेवा: कुडाची भिंत कुठे उघडी पडली आहे, दाराला खालून केवढी फट आहे, पाण्याचा हंडा किती लांबून येतो.

यादी फक्त आपल्या मंडळीची नको, अख्ख्या पाड्याची किंवा गल्लीची करा. शेजारची विधवा मंडळीत येत नाही म्हणून तिचं घर ओलांडून जायचं, ही नाताळची तयारी होत नाही. आणि जिथे जाल तिथे सेवेला कसलीही अट जोडू नका. गोधडीत पत्रिका ठेवायची नाही, जेवणाआधी कोणाला प्रार्थनेला बसवायचं नाही, ‘रविवारी या बरं’ असंही म्हणायचं नाही. कोणी स्वतःहून विचारलं तर सरळ उत्तर द्यावं. दुसऱ्या गावच्या पाड्यावर जायचं असेल तर सरपंचांना आणि पोलीस पाटलांना आदल्या दिवशी भेटून काय आणणार, किती जण येणार ते सांगा. त्याने गैरसमज आधीच मिटतात, आणि बऱ्याचदा पोलीस पाटीलच आपल्या नजरेतून सुटलेलं एखादं घर दाखवतात.

वही दोनच माणसांकडे राहील: पाळकांकडे (किंवा फादरांकडे) आणि महिला मंडळाच्या प्रमुख बाईंकडे. उपासनेत नावं वाचायची नाहीत, व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर टाकायची नाहीत, देताना फोटो काढायचा नाही. गाव लहान असतं. ज्याचं नाव एकदा फिरलं तो पुढच्या वर्षी दार उघडत नाही.

भेटी झाल्या की पंच, महिला मंडळ आणि तरुण संघ यांच्यातले चार-पाच जण बसून खुणा करा. एकटं राहणारं माणूस, आजारी माणूस, आईबाप तोडीला गेलेली पोरं, ही घरं पहिली. ६० कुटुंबांच्या मंडळीला १५ घरं नीट सांभाळता येतात. ४० घरांना थोडंथोडं देण्यापेक्षा १५ घरांचं एकेक काम पूर्ण करणं बरं. उरलेली नावं शेजारच्या मंडळीला किंवा ग्रामपंचायतीला कळवा.

पैसा

वर्गणीचं पाकीट यादी झाल्यावरच फिरवा, म्हणजे ‘अमुक मीटर कापड, अमुक किलो डाळ’ असं सांगता येतं. दानार्पण दोघांनी मिळून मोजायचं, आकडा तिथेच वहीत लिहून दोघांनी सह्या करायच्या. प्रत्येक खरेदीची पावती चिकटवा. आठवडे बाजारात पावती मिळत नाही, तिथे साध्या कागदावर माल, वजन, रक्कम लिहून आणणाऱ्याची सही घ्या. परदेशातल्या नातेवाइकांचे पैसे येणार असतील तर जपून: ज्याच्याकडे परदेशी नागरिकत्व आहे त्याचं दान घ्यायला २०१० च्या विदेशी योगदान कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. भारतीय पासपोर्ट असलेल्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे त्यात मोडत नाहीत.

गोधड्या

विकतची चादर आणणं सोपं. तरीही हात असतील तर गोधड्या शिवाव्यात असं आमचं स्पष्ट मत आहे. स्वस्तातली चादर एका हिवाळ्यात विरते. गोधडी पाच-सहा वर्षं टिकते, धुता येते, फाटली तर वर ठिगळ बसतं. आणि महिला मंडळातल्या ज्या बायांना भाषण करता येत नाही, गाता येत नाही, त्यांच्या बोटांतली कला इथे पुढे येते.

कापड जमवायचा रविवार १५ नोव्हेंबरच्या आधीचा धरा. त्या दिवशी लूक ३:११ वाचायला घ्या. दोन अंगरखे असलेल्याने एक द्यावा, असं बाप्तिस्मा करणारा योहान तिथे सांगतो. कपडे आले की तिथेच तीन ढीग करा. बटणं-चेन शाबूत असलेले धुतलेले कपडे घालायला द्यायचे, त्यांवर माप लिहिलेली चिठ्ठी लावा. साडी द्यायची तर परकरासकट. मऊ पडलेल्या सुती साड्या, धोतरं, चादरी गोधडीसाठी. नायलॉन-पॉलिएस्टर तिसऱ्या ढिगात, ते गोधडीत अजिबात घालू नका. एक तर थर एकमेकांवरून सरकतात, टाका धरत नाही, दोन महिन्यांत आतला थर गोळा होऊन एका कोपऱ्यात बसतो. दुसरं, आपल्याकडे म्हातारी माणसं शेकोटीशेजारी झोपतात. ठिणगी पडली तर सुती कापड वितळत नाही, नायलॉन वितळून अंगाला चिकटतं.

एका माणसाच्या गोधडीला साडेपाच मीटरच्या दोन सुती साड्या लागतात. साडीचे तीन सारखे तुकडे केले की प्रत्येक तुकडा सुमारे १.८ मीटर लांब आणि १.१ मीटर रुंद येतो. दोन साड्यांचे सहा थर झाले. वरून-खालून घालायला १.२ मीटर पन्ह्याचं चांगलं विणलेलं सुती कापड, दोन-दोन मीटरचे दोन तुकडे. ते चारी बाजूंनी आत दुमडलं की कड पक्की होते. सगळं मिळून वजन दोन किलोच्या आत राहतं. सांधे दुखणाऱ्या माणसाला याहून जड पांघरूण रात्री ओढता येत नाही, म्हणून ‘जास्त ऊब’ म्हणून थर वाढवू नका.

शिवायच्या आधी सगळं कापड, नवं अस्तरसुद्धा, गरम पाण्यातून काढून उन्हात कडक वाळवा. ही पायरी बहुतेक वेळा गाळली जाते. न धुतलेलं नवं कापड पहिल्या धुण्यात आटतं, आतल्या जुन्या साड्या आटत नाहीत, आणि अख्खी गोधडी सुरकुतून वाटीसारखी होते.

सतरंजीवर खालचं अस्तर ताणून पसरा, चार कोपऱ्यांवर दगड ठेवा. एकेक थर पसरताना तळहाताने मधून बाहेर हवा काढत जा. वरचं अस्तर घातलं की वीतभर अंतरावर मोठाले कच्चे टाके घाला. हे मधून सुरू करून कडेकडे जायचं, म्हणजे सुरकुती असेल ती बाहेर निघते. मग कड दुमडून शिवायची, आणि पक्का धावदोरा कडेपासून चौकोनी फेऱ्यांनी आत आत न्यायचा. पक्के टाकेही मधूनच सुरू केले तर कडेला कापड उरतं आणि झोळ येतो. ओळींमध्ये दोन बोटांचं अंतर ठेवा. टाका भाताच्या शितापेक्षा फार मोठा नको, मोठ्या टाक्यात पायाचा अंगठा अडकून दोरा तुटतो. जाड सुती दोरा दुहेरी घ्या. दोन बोटांच्या अंतराने एका गोधडीत साधारण ६० मीटर लांबीचे टाके पडतात, म्हणून एकीवर एक गोधडी सोपवू नका. चार बाजूंना चौघी बसल्या तर दोन दुपारी पुरतात. सोळा जणींच्या चार टोळ्या केल्या तर सहा दुपारी बारा गोधड्या होतात. १५ नोव्हेंबरपासून १३ डिसेंबरपर्यंत पाच रविवार मिळतात, सहावी दुपार मधल्या एखाद्या सुट्टीच्या दिवशी काढा. वेचणीच्या दिवसांत बाईचा रोज बुडवून तिला सेवेला बसवू नये.

१३ तारखेला काम संपवून १४ पासून वाटायला सुरुवात करा. थंडी नाताळची वाट पाहत नाही. गोधडी २४ च्या रात्रीसाठी राखून ठेवली तर माणसाने दहा थंड रात्री उगाच काढल्या.

भिंत, सरपण, तारा

हे तरुण संघाचं काम, ६ डिसेंबरच्या आठवड्यात. ज्या घराची कुडाची भिंत वाऱ्याच्या बाजूला उघडी पडली असेल तिथे गाळलेली माती, शेण आणि बारीक कापलेलं गवत किंवा भुसा कालवून, एक रात्र मुरवून, दोन थरांत लिंपायचं. एकदम जाड थर लावला की वाळताना तडकून पडतो. बोटभर थर, तो वाळू द्यायचा, मग दुसरा. चुना लावायचा असेल तर कळीचा चुना आदल्या दिवशी भिजवा. तो पाण्यात पडल्यावर उकळतो आणि शिंतोडे उडतात, म्हणून पोरांना लांब ठेवा, डोळ्यांवर चष्मा घाला, आणि चुन्यावर पाणी ओतू नका, पाण्यात थोडा थोडा चुना टाका. डोळ्यात गेलाच तर लगेच स्वच्छ पाण्याची धार पंधरा-वीस मिनिटं धरून दवाखाना गाठायचा. दाराखालच्या फटीला वाळू भरलेली कापडी लांब पिशवी आडवी ठेवली तरी खूप फरक पडतो. सरपण फोडून, हात पोचेल एवढ्या उंचीवर रचून द्या.

जाताजाता त्या घरावर तारा लावा. दहा सारख्या बांबूच्या कामट्या, पाच-पाचचे दोन पंचकोनी तारे, टोकं एकत्र बांधलेली आणि आतल्या पाच कोपऱ्यांत वीतभर आडव्या काड्या. आत एलईडीचाच बल्ब घालायचा. जुन्या पिवळ्या बल्बच्या उष्णतेने पतंगाचा कागद पेटतो.

रक्तदान

नंदुरबार भागातल्या आदिवासी समाजांत सिकलसेल हा रक्तातल्या तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार बऱ्याच घरांत आहे. थंडी आणि पाणी कमी पिणं यांनी त्याच्या वेदनांचा झटका येऊ शकतो. म्हणून यादीत सिकलसेलचं माणूस असेल तर त्याला पहिली गोधडी, पायमोजे, आणि २४ च्या मध्यरात्रीच्या उपासनेत मैदानात नाही तर आत, उबेला जागा. सोबत कोमट पाण्याची बाटली.

अशा काही रुग्णांना रक्तही द्यावं लागतं, म्हणून रक्तदान शिबिर ठेवायचं. त्यासाठी परवानाधारक रक्तपेढीला महिनाभर आधी पत्र द्या. तांबड्या पेशी पिशवीतल्या टिकवणाऱ्या द्रावणानुसार ३५ ते ४२ दिवसच टिकतात, तेव्हा किती पिशव्या हव्यात हे रक्तपेढीलाच ठरवू द्या. ‘शंभरी गाठायची’ असा हट्ट धरू नका. रक्तदाता १८ ते ६५ वर्षांचा, किमान ४५ किलो वजनाचा, हिमोग्लोबिन १२.५ किंवा जास्त असलेला हवा. आधीच्या दानाला पुरुषाचे ९० आणि बाईचे १२० दिवस झालेले हवेत. बरीच नावं हिमोग्लोबिनवर गळतात, म्हणून ५० पिशव्यांचा अंदाज असेल तर ८० नावं नोंदवा. ज्यांना परत पाठवलं त्यांची चिठ्ठी फेकू देऊ नका. ज्या बाईचं हिमोग्लोबिन कमी निघालं तिला त्याच आठवड्यात आरोग्य केंद्रात नेणं हीसुद्धा शिबिराची कमाई आहे.

मंडळ्यांमध्ये दोन चुका नेहमी होतात. उपास-प्रार्थनेच्या दिवशीच शिबिर ठेवलं जातं, आणि उपाशी पोटी रक्त देणाऱ्याला भोवळ येते. दात्याने चार तासांच्या आत जेवलेलं असावं. दुसरी चूक, कॅरोलच्या, म्हणजे नाताळगीतांच्या, फेरीनंतरची सकाळ. रात्रभर जागलेल्या माणसाने रक्त देऊ नये. ६ किंवा १३ डिसेंबरची उपासनेनंतरची दुपार सगळ्यात सोयीची, तेव्हा फेऱ्या सुरू झालेल्या नसतात.

दवाखाना

चिंचपाड्याचं मिशनचं रुग्णालय असो की धुळ्याचं भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, वॉर्डात फळं-मिठाई घेऊन शिरायचं नाही. कोणाला साखर असते, कोणाचं ऑपरेशन उद्यावर असतं. आधी सिस्टरना विचारा. खरी अडचण असते ती बाहेर व्हरांड्यात झोपणाऱ्या नातेवाइकांची. त्यांच्यासाठी संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास भाकरी, पिठलं, ठेचा आणि थर्मासभर चहा न्या. बाळंतीण बाईला दुधाची पावडर किंवा बाटली भेट देऊ नका. आईच्या दुधाला ते मारक आहे, आणि १९९२ च्या कायद्याने अशा वाटपावर बंदीही आहे.

तोडीवरची माणसं

आपली जी कुटुंबं पडावावर, म्हणजे तोडीच्या मुक्कामावर, आहेत त्यांना नाताळची सुटी नसते. कारखान्याचं गाळप चालू असतं, पहाटेच फडात उतरावं लागतं, गाडी भरायला कधीही बोलावणं येतं. त्यांच्यापर्यंत जायचं तर २० डिसेंबरच्या आधी, संध्याकाळी, मुकादमाला फोन करून पडाव कुठे आहे याची त्याच दिवशी खात्री करून. पडाव हलतो, गेल्या आठवड्याच्या पत्त्यावर फक्त राख सापडते. नवापूरहून सुरतेच्या हमरस्त्याने व्यारा-बारडोलीचा पट्टा एका संध्याकाळीत जाऊन येण्यासारखा आहे.

काय न्यावं? कोपीवर (तात्पुरत्या झोपडीवर) घालायला जाड ताडपत्री, सौर कंदील, पोरांना स्वेटर-टोपी, कोयत्याच्या जखमेसाठी पट्ट्या आणि जंतुनाशक, घरच्या ज्वारीचं पीठ. ऊस काही न्यावा लागत नाही, आणि गोड खाऊन त्यांचं तोंड विटलेलं असतं, तिखट शेव न्या. आणि गावाकडच्या आई-आबांचे, पोरांचे दोन-दोन मिनिटांचे व्हिडिओ फोनवर घेऊन जा. आदल्या रविवारी उपासनेनंतर ते एकाच फोनवर रेकॉर्ड करा, प्रत्येकाच्या नावाने वेगळे जतन करा, आणि तिथून त्यांचा निरोप आणायला फोन भरून चार्ज केलेला ठेवा. ही भेट कुठल्याही पाकिटापेक्षा मोठी आहे, हे समोर बसून पाहिल्यावर कळतं.

गावी राहिलेल्या पोरांसाठी शाळेच्या हंगामी वसतिगृहाची सोय आहे का ते मुख्याध्यापकांना विचारा. नसेल तर संडे स्कूलच्या शिक्षकांनी आठवड्यातून तीन संध्याकाळी दोन तास अभ्यास आणि गरम जेवण असं जानेवारीपर्यंत चालवावं. नाताळच्या नाटकात मेंढपाळांचं काम याच पोरांना द्या.

२५ ची पंगत

एकट्या माणसाला सगळ्यात जड जाते ती २५ ची दुपार. उपासना संपते, लोक आपापल्या घरी मटणाच्या वासाकडे निघतात, आणि म्हातारबा एकटेच कुलूप उघडतात. म्हणून पंगत २५ लाच ठेवायची, उपासनेनंतर लगेच. आणि स्वयंपाक असा हवा की रांधणाऱ्या बायांची उपासना बुडू नये. आपली वरण-बट्टी त्यासाठी अगदी जमून येते, कारण बट्टीचं अर्धं काम आदल्या दिवशी उरकतं.

१०० माणसांचं माप: जाडसर दळलेलं गव्हाचं पीठ १३ किलो, मक्याचं २ किलो, तेलाचं मोहन दीड लिटर, मीठ सुमारे २०० ग्रॅम, ओवा ७५ ग्रॅम, हळद ५० ग्रॅम, खायचा सोडा सपाट दोन मोठे चमचे. पाणी एकदम ओतू नका, साडेसात-आठ लिटर लागेल असं धरून थोडं थोडं घाला. कणीक पोळीपेक्षा घट्ट हवी. बारीक दळलेल्या पिठाची बट्टी चिवट होते, आणि सोडा जास्त झाला तर तळताना फुटून तेल पिते, रंगही लाल पडतो.

२४ ला दुपारी मनगटाएवढे जाड उंडे वळून मोठ्या पातेल्यावर चाळण ठेवून ३५-४० मिनिटं उकडा. सुरी खुपसून कोरडी निघाली की झालं. उंडे पूर्ण गार होऊ द्या, मग सुती कापडाखाली जाळीवर ठेवा. गरम असताना डब्यात कोंबले तर सकाळपर्यंत चिकट होऊन आंबतात. रात्रभर निवालेला उंडा सुरेख कापला जातो, ताजा भुगा होतो. २५ ला सकाळी उपासनेआधी पुरुषांनी फोडी कापून ठेवाव्यात, आणि आशीर्वाद झाल्याबरोबर दोन कढयांत तळायला घ्याव्यात. तळायला सात लिटर तेल लागेल. तेल मध्यम तापलेलं हवं. कमी तापलं तर बट्टी तेलकट, जास्त तापलं तर बाहेर काळी आणि आत थंड.

तुरीची डाळ ६ किलो, हळद-हिंग घालून सकाळी शिजवा, वरण २७-२८ लिटर होईल एवढं पाणी घाला. घोटलेल्या भाजीला वांगी १५ किलो. भरताची हिरवी मोठी वांगी मिळाली तर उत्तम, बिया कमी असतात. कांद्याची पात ३ किलो, हिरव्या मिरच्या ५०० ग्रॅम, लसूण ४०० ग्रॅम, भाजलेले शेंगदाणे पाऊण किलो, तेल दीड लिटर, वरून कोथिंबीर. मिरची सगळी एकदम घालू नका. म्हातारी माणसं आणि पोरं यांच्यासाठी एक पातेलं सौम्य काढून घ्या. दात नसलेल्यांसाठी बट्टी गरम वरणात कुस्करून, वर तुपाची धार सोडून वाढायची, आणि हे त्यांना सांगावं लागू नये. गोडाला शंभर केळी. खव्याची मिठाई आणूच नका, सणाच्या गर्दीत ती किती दिवसांची आहे ते कळत नाही.

पिण्याचं पाणी विहिरीचं असेल तर क्लोरीनचे थेंब बाटलीवरच्या मापाने घालून अर्धा तास थांबा. पळसाच्या पत्रावळ्या आणि द्रोण १२० मागवा. शिजलेलं अन्न चार तासांच्या आत संपवायचं. उरलेलं वरण संध्याकाळी कोणाच्या घरी पाठवायचं असेल तर उकळूनच.

बसवताना यादीतली माणसं वेगळ्या पंगतीत बसवू नका. प्रत्येकाला एक घर नेमून द्या, त्या घराने आपल्या पाहुण्याला दाराशी जाऊन आणायचं, शेजारी बसायचं, घरी सोडायचं. चालता येत नाही त्याचा डबा त्याच घरातल्या कोणीतरी न्यावा आणि तो जेवेपर्यंत तिथेच बसावं.

कॅरोलच्या फेऱ्या

फेऱ्या १७ ते २३ डिसेंबर, संध्याकाळी साडेसहा ते साडेनऊ. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिवर्धक बंद असतो. मध्यरात्रीपर्यंत सूट मिळालेल्या दिवसांत यंदा नाताळ आहे का ते जिल्हाधिकारी कार्यालयाच्या यादीत पाहा, आणि २४ साठी पोलीस ठाण्याचा परवाना १० तारखेच्या आत मागा. फेरीला ध्वनिवर्धक लागतही नाही. ढोलकी, खंजिरी, पेटी पुरते. यादीतल्या १५ घरांपाशी दानाची पेटी पुढे करायची नाही, हे टोळीतल्या प्रत्येक पोराला आधी सांगून ठेवा. आजारी माणसाच्या दाराशी एकच गाणं, हळू, वाद्यांशिवाय. त्याचं आवडतं गाणं यादीच्या वहीत आधीच लिहून घेतलेलं असावं.

जानेवारी

३ जानेवारीच्या रविवारी जमाखर्च उपासनेत वाचून दाखवा: जमा, खर्च, शिल्लक, किती गोधड्या, किती ताटं. नावं नाहीत. भाड्याची पातेली परत, उरलेला दोरा आणि अस्तर नॅप्थलीनच्या गोळ्यांसोबत पत्र्याच्या पेटीत. त्याच आठवड्यात जोड्यांनी १५ घरी पुन्हा जावं आणि गोधडी वापरात आहे का ते पाहावं. ती घडी करून ट्रंकेत ठेवलेली दिसली तर समजा की माणूस ती जपून ठेवतोय. तेव्हा त्याची जुनी वाकळ मागून घेऊन दुरुस्त करून द्या, म्हणजे नवी आपोआप बाहेर निघते. जे काम राहिलं असेल त्यापुढे करणाऱ्याचं नाव आणि तारीख लिहा. तोडीची माणसं होळीच्या सुमारास परततील तेव्हा त्यांना ही वही दाखवून त्यांच्या घराच्या नोंदी तपासून घ्या. आणि शेवटच्या पानावर पुढच्या वर्षीची तारीख लिहून ठेवा: आगमनकाळाचा पहिला रविवार, २८ नोव्हेंबर २०२७.